उरलेले वार सांगा

भूलतज्ज्ञ डॉक्टर जेमतेम तिशीची होती. काकांच्या हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि ती हातातल्या पॅडवर बघत एकेक प्रश्न विचारत होती. दात खरे की कवळी, जिना चढताना धाप लागते का, याआधी कधी भूल घेतली होती का. काका प्रत्येक उत्तर खात्यातल्या अहवालासारखं देत होते. १९८७, ऑगस्ट, मिरज, अपेंडिक्स. रक्तदाबाच्या गोळीचं नाव मिलिग्रॅमसकट, आणि ती जेवणाआधी किती मिनिटं घेतात तेही. मग तिनं मान वर न करताच विचारलं, "काका, ड्रिंक्स?" आणि जन्मभर सांगलीच्या मराठीत वावरलेले, सिमेंट आणि मोटार हे शब्दही मराठीच मानणारे आमचे काका म्हणाले, "वन्स इन अ व्हाईल."

"म्हणजे किती?"

"ऑकेजनली."

"म्हणजे महिन्यातून की आठवड्यातून?"

काका मग मराठीवर आले. "सोमवारी नाही. गुरुवारी तर प्रश्नच नाही, दत्ताचा वार. संकष्टीला नाही, एकादशीला नाही. नवरात्र पाळतो. श्रावण पूर्ण पाळतो. दोन हजार तेवीसला अधिक श्रावण आला होता, तर दोन्ही पाळले." डॉक्टर लिहायची थांबली. म्हणाली, "काका, उरलेले वार सांगा ना."

मी हसले, शेजारची सिस्टर हसली, काकाही हसले. काकू मात्र खिडकीतून खाली बघत होती. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी दोन स्कूटरच्या मध्ये गाडी घालायचा प्रयत्न करत होतं आणि काकू त्यात अगदी रंगून गेल्यासारखी दिसत होती. डॉक्टरनं मग समजावून सांगितलं, की हा प्रश्न चारित्र्याचा नाही, औषधाचा आहे. रोज घेणाऱ्याला भुलीचं औषध वेगळ्या मापानं लागतं, आणि ऑपरेशननंतर एकदम बंद झालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा त्रासही होऊ शकतो. काका गंभीर झाले. थोडा विचार केला आणि म्हणाले, "लिहा, आठवड्यातून दोन." दोन दिवस की दोन पेग, ते तिनंही विचारलं नाही. काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खोलीत गेली.

काका थोडं खोटं बोलले हे मला खुपलं नाही. डॉक्टरांशी थोडं खोटं सगळेच बोलतात, ते डॉक्टरही धरून चालतात. खुपलं ते वेगळंच. हा माणूस उभ्या आयुष्यात कधी आकड्याशिवाय बोललेला मी ऐकला नव्हता.

काका पाटबंधारे खात्यात होते. कोयना धरण १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, वारणा ३४.४०, हे आकडे ते पोरांच्या जन्मतारखांसारखे सांगतात, आणि दशांशाच्या पुढचे आकडे गाळलेले त्यांना चालत नाहीत. गावभागातल्या घराच्या गच्चीवर त्यांनी स्वतःचं पर्जन्यमापक बसवलंय. पावसाळ्यात सकाळी आठ वाजता, छत्री धरून का होईना, वर जायचं, काचेच्या नळीत पाणी ओतायचं, डोळा त्या पातळीला आणून वाचायचं आणि डायरीत मांडायचं. पाऊस पडला नाही तर शून्य मांडायचं, जागा मोकळी सोडायची नाही. लहानपणी मी सुट्टीत तिकडे असले की आधी शून्य लिहायचं काम माझ्याकडे असे, आणि चार शून्यं नीट आली की मग आकडा लिहायला मिळे. फोनवर मी कधी म्हटलं, की पुण्यात काल भरपूर पाऊस झाला, तर पलीकडून हमखास येतं, "भरपूर म्हणजे किती मिलिमीटर?" काकूनं भाजीत "थोडं" मीठ जास्त झालं म्हटलं तरी हे चमचा विचारणार. तर अशा माणसाला एकाच रकान्यात आकडा नको होता, आणि तो टाळायला त्यांनी थेट इंग्रजी गाठलं होतं.

पण हे एकट्या काकांचं नाही. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ऑकेजनली हा फार उपयोगी प्राणी आहे. लग्नाच्या बायोडेटात तो हमखास असतो. ड्रिंक्स : ऑकेजनली. नॉनव्हेज : ऑकेजनली. आमच्या चुलतभावाच्या बायोडेटातलं ते नॉनव्हेजचं ऑकेजनली म्हणजे दर बुधवारी आणि शुक्रवारी कॉलेज कॉर्नरला, फक्त घरी नाही. घरी अंड्याचा तवासुद्धा वेगळा, तो मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेला. "अधूनमधून पितो" असं मराठीत म्हटलं की एक माणूस डोळ्यांसमोर येतो, त्याची बायको येते, रात्री दार उघडायला लागलेला वेळ येतो. "ऑकेजनली" म्हटलं की लॉनवर खुर्च्या मांडलेल्या दिसतात. पितो तो तोच, तेवढंच आणि बहुधा त्याच ग्लासातून.

आपल्या सरकारलाही हा अधूनमधूनचा प्रकार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर जिवंत आहे आणि त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. कुणी मागत नाही हा भाग सोडा. एका दिवसाचा परवाना मिळतो, विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचा शंभर, आणि हजार रुपये भरले की आजन्म. काकांकडे तो आजन्म आहे, लॅमिनेट करून रेशनकार्डाच्या मागे ठेवलेला. गंमत अशी की हा परवाना आरोग्य टिकवण्यासाठी दिला जातो, तसं त्या कागदावरच असतं. काका पाहुण्यांना तो काढून दाखवतात. मी एकदा म्हटलं, "वन्स इन अ व्हाईल घेणाऱ्यानं एका दिवसाचे काढावेत की, पाच-पाच रुपयांत." त्यावर काका म्हणाले, "हिशेब केला मी. ते महाग पडतं." वाक्य तोंडातून गेल्यावर ते जरा थबकले आणि पेपर उघडून बसले.

ऑपरेशन उत्तम झालं. काही दिवस ते दोघं आमच्याकडे पुण्यात राहिले आणि मग मी त्यांना सोडायला सांगलीला गेले. दुपारी स्वयंपाकघरात काकू शेंगदाणे भाजत होती आणि मी दारामागचं कॅलेंडर बघत उभी होते. घरातल्या बाईचं खरं दप्तर ते. दुधाच्या पिशव्यांचे आकडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भांडीवालीचे खाडे, कुणाची मुंज, कुणाचं श्राद्ध. आणि तारखांच्या चौकोनात, खालच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेनानं काढलेले बारीक ठिपके. कुठे एक, कुठे दोन, एखाद्या शनिवारी तीन. मला वाटलं, गोळ्यांचं काहीतरी असेल.

"ते तुझ्या काकांचं," काकू कढईतून नजर न काढता म्हणाली.

मी मागची पानं उलटली. सोमवार खरंच कोरे होते. गुरुवार कोरे होते. काकांनी सांगितलेल्या सगळ्या व्रतांना कॅलेंडर साक्ष देत होतं. पण उरलेल्या वारांनी आपलं काम चोख बजावलं होतं. आठवड्यातून दोन हे कुठल्याच पानावर बसत नव्हतं, दिवस धरा नाहीतर पेग.

"कधीपासून ठेवतेस हे?"

"आधी भांडायला आकडा हवा म्हणून ठेवायला लागले. हे म्हणायचे, पुरावा काय? म्हटलं, थांबा. मग भांडण सुटलं आणि सवय राहिली." शेंगदाण्यांची सालं फुंकरीनं उडवत ती हसली. "ह्यांना माहिती आहे की. बघतात अधनंमधनं पानं उलटून. बोलत नाहीत."

मी विचारलं, मग त्या दिवशी डॉक्टरला का नाही सांगितलंस. "सांगितलं की. तुम्ही खाली चहाला गेलात तेव्हा. ती म्हणाली, काकू, मला वाटलंच होतं. ते दोन खोडून वरती नवं लिहिलं तिनं."

तेव्हापासून मला कुणी "कधीतरी" म्हणालं की त्याच्या आजूबाजूला बघायची खोड लागली आहे. ज्याला मोजावं लागत नाही तोच बिनधास्त कधीतरी म्हणतो, आणि शेजारी कुणीतरी बोटं मोजत असतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात, मुलगा न्यू जर्सीला. तो इथे आला होता तेव्हा लिफ्टमध्ये मला म्हणाला, "आय कॉल हर एव्हरी नाऊ अँड देन." आजींना विचारा. रविवारी सकाळी साडेआठ ते पावणेनऊ, आणि मधले दोन रविवार चुकले होते ते कुठले, तेही त्या सांगतील. आमच्या ऑफिसात ऑडिटच्या वेळी "कधीतरी उशिरापर्यंत थांबावं लागेल" असं साहेब सगळ्यांना सांगतात. ते कधीतरी किती हे ज्यांच्या पोरांना पाळणाघरातून सातच्या आत उचलावं लागतं त्या दोघी तारखांनिशी सांगू शकतात. मीही माझ्या घरात कुणाच्या तरी ठिपक्यांत असणारच. कुणाच्या, ते मला ठाऊक नाही आणि खरं सांगायचं तर ते कॅलेंडर मला बघायचंही नाही.

त्याच कॅलेंडरवर पुढे २०२६ च्या मे महिन्याची गंमत काकांनी मला दाखवली. जेवण झाल्यावर कोपरापासून हात धुवून आले आणि बोट ठेवून म्हणाले, "बघ, एक तारखेला पौर्णिमा, एकतीसला पौर्णिमा. तुमचा तो ब्लू मून." तुमचा अशासाठी की २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांना फोनवर तो सांगितला होता. चांद्रयान नुकतंच, तेवीस तारखेला, उतरलं होतं आणि त्या आठवड्यात रिक्षावालेसुद्धा चंद्रावरच बोलत होते. त्यात महिनाअखेरीला ब्लू मून. व्हॉट्सअ‍ॅपवर निळाशार चंद्र फिरत होता आणि आमच्या सोसायटीतली अर्धी माणसं गच्चीवर जमली होती. ढगांतून मधूनच निघाला तो आपला नेहमीचा, पिवळट, जरा मोठा. एक लहान मुलगी निळा का नाही म्हणून रडायला लागली. तिच्या आईची समजूत अशी की असला चंद्र पुन्हा बघायला मिळणं कठीण, कारण वन्स इन अ ब्लू मून म्हणतातच मुळी.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते फोनवरच खवळले होते. म्हणाले, कसलं दुर्मीळ, साधा ताळेबंद आहे. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत उरकतात. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती साठत साठत बत्तीस-तेहतीस महिन्यांत एका महिन्याएवढी होते, तेव्हा आपण पंचांगात एक महिना जादा घालतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. इंग्रजी कॅलेंडरला असा महिना घालायची सोय नाही, मग ती जादाची पौर्णिमा कुठल्यातरी महिन्यात दुसरी म्हणून वर येते. एकोणीस वर्षांत महिने २२८ आणि पौर्णिमा २३५. सात उरल्या. आपले अधिक मासही एकोणीस वर्षांत सातच. "म्हणजे तुमचा ब्लू मून आणि आमचा धोंड्याचा महिना ही एकाच तुटीची दोन व्हाउचरं आहेत," काका म्हणाले. मी नंतर ताडून पाहिलं. २०१२, २०१५, २०२०, २०२३, प्रत्येक वेळी त्या दोन पौर्णिमांपैकी एक अधिक मासातली निघाली. २०२६ च्या ३१ मेची पौर्णिमाही अधिक ज्येष्ठातली. २०१८ ला तेवढं जमलं नाही, तेव्हा जानेवारीत दोन, मार्चमध्ये दोन आणि फेब्रुवारीत एकही नाही असा चंद्राचा वेगळाच कारभार होता.

महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून ही व्याख्याही फार जुनी नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्राच्या मासिकात एका लेखकानं शेतकऱ्यांच्या जुन्या पंचांगातला नियम चुकीचा वाचला, आणि ती चूक एवढी रुळली की १९९९ मध्ये त्याच मासिकानं दुरुस्ती छापूनही कुणी ऐकलं नाही. मूळ नियमात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरी ब्लू मून होती. डोळ्यांना खरोखर निळा दिसणारा चंद्र वेगळाच. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा राखेमुळे लोकांनी तो पाहिला होता, आणि १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे पार स्कॉटलंडपर्यंत. त्याला मात्र पंचांगात जागा नाही, तो कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. काकांना असल्या गोष्टींत रस नसतो. त्यांना आवडतो क्षयमास. जो चांद्रमहिना गळूनच जातो, तो. १९८२-८३ मध्ये होता आणि पुढचा २१२३-२४ मध्ये. "ह्याला म्हणायचं क्वचित," ते म्हणतात. "बाकी सगळं हप्त्यानं येतं."

हप्त्यानं येणाऱ्यांत आम्हीही आहोत. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे काका-काकू, आणि अधिक महिना आला की काकूचा फोन येतोच. जावयाला घेऊन ये, वाण द्यायचं आहे. एरवी आम्ही सांगलीला जातो ते लग्नाकार्याला, मधेच कधीतरी, एका रात्रीच्या हिशेबानं. धोंड्याला मात्र सुटका नाही. आमच्या ह्यांचा या सगळ्यावर विश्वास नाही, पण काकूच्या अनारशांवर आहे. मला स्वतःला त्या ताटाचा थोडा रागच येतो. तेहतीस अनारसे, मध्ये दिवा, जावयाच्या हातात ताट, आणि मुलगी शेजारी नुसती उभी. विष्णू आणि जावई एका पंगतीत, आणि अनारशाचं पीठ मळणारी कुठल्याच पंगतीत नाही. हे मी काकूला एकदा म्हटलं. ती म्हणाली, "तू ये ना, ह्या निमित्तानं येतेस तरी. जावई एकटा आला असता तर मी एवढे तळले असते का?"

तिचे अनारसे हे एक प्रकरण आहे. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. मग निथळून, कापडावर पसरून, दमट असतानाच कुटायचे, मैद्याच्या चाळणीनं चाळायचे. किसलेला गूळ घालून गोळा डब्यात दाबून ठेवायचा, निदान चार-पाच दिवस. त्या दिवसांत स्वयंपाकघराला एक आंबूस-गोड वास असतो, तो मला इतर कुठे आलेला नाही. मग खसखशीवर थापायचं आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचं. उलटायचं नाही, झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं. जाळी पडली की जिंकलं. गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून विरघळून जातो. काकूच्या हातून एखादा हसला की ती त्याला शिवी देते आणि तो काकांच्या बशीत जातो. दर अडीच-पावणेतीन वर्षांनी करायची गोष्ट, आणि तरी तिच्याकडे प्रमाण लिहिलेलं नाही. काका एकदा वजनकाटा घेऊन शेजारी बसले होते, गूळ किती ते मांडायला. तिनं त्यांना उठवलं. पूर्वी दोन घाणे एकदम काढायची, अलीकडे मधे स्टुलावर बसते. २०२३ ला म्हणाली, "पुढच्या धोंड्याला जमेल ना मला?" आणि मनातल्या मनात वर्षं मोजून, मी काही बोलायच्या आतच, "जमेल," असं स्वतःच म्हणून टाकलं.

काकांचं खरं भांडण मात्र दुसऱ्याच एका कधीतरीशी आहे. त्यावर बोलताना ते चेष्टा करत नाहीत.

२००५ चा पूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णेनं त्रेपन्न फूट ओलांडले. तिथे चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका. गावभागातल्या जुन्या माणसांनीही असं पाणी पाहिलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर गल्लीत जो तो एकच वाक्य बोलत होता, हे शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी, आपण बघितलं, आता पुढचं पतवंडांनी बघावं. त्या वाक्यात केवढा दिलासा होता. लोकांनी तळमजल्याला नवीन फरशा घातल्या, नवीन कपाटं केली, शेजारच्यांनी दुकानाचा माळा काढून उंच छत केलं. काका गल्लीच्या कट्ट्यावर बसून सांगत राहिले, की अहो, शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ शंभर वर्षं सुट्टी असा नाही. याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आलं म्हणून पुढच्या वर्षीची कमी होत नाही. तीस वर्षं त्याच घरात राहणार असाल तर असं पाणी एकदा तरी बघायची शक्यता सव्वीस टक्के आहे, चारात एक. लोक म्हणायचे, साहेब, तुमचं गणित आम्हाला कळत नाही. आणि त्यांचा तरी काय दोष? चारात एक हा आकडा घेऊन कुणी रात्री झोपावं कसं? शंभर वर्षं हा आकडा उशाला घेता येतो.

२०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. चौदा वर्षांनी.

काका-काकू तेव्हा वेळेवर विश्रामबागला नातेवाइकांकडे गेले होते. आम्ही पुण्याहून फोन लावत होतो, लागत नव्हता, लागला की काका आधी पातळी सांगत आणि मग तब्येत. पाणी उतरल्यावर मी गेले. गल्लीत गुडघाभर गाळ, त्याला रॉकेल, सांडपाणी आणि कुजलेल्या धान्याचा मिळून एक वास, तो नाकातून आठवडाभर जात नव्हता. ओट्याच्या वर हातभर पाण्याची रेघ. गाद्या रस्त्यावर, पुस्तकं रस्त्यावर, कुणाचे लग्नाचे अल्बम उन्हात उघडे पडलेले. काकांच्या पावसाच्या डायऱ्या खालच्या कपाटात होत्या. आम्ही त्या गच्चीवर दोरीवर वाळत घातल्या, काहींची पानं सुटली, काहींची शाई सगळी एका निळ्या डागात गेली. काका एक वही उलटत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मग ते उठले, पर्जन्यमापक धुतलं आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता शाळेच्या नव्या कोऱ्या वहीत त्या तारखेपुढे शून्य मांडलं.

आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा जवळपास पंचावन्न. त्या वेळी गल्लीत शंभर वर्षांचं वाक्य कुणी काढलं नाही. काकांनीही गणित सांगितलं नाही. बरोबर ठरण्यात त्यांना काही आनंद झालेला मला दिसला नाही. एकदा रात्री ते गच्चीत म्हणाले, की जुन्या आकड्यांवरून शंभरात एक काढलेलं असतं, पण पाऊसच जर पूर्वीसारखा पडेनासा झाला तर ती शंभराची मोजपट्टीही नव्यानं आखायला लागेल. "आम्ही कुठल्या मोजपट्टीनं मोजत होतो, कोण जाणे," असं म्हणाले आणि मग पेला उचलला. तो शनिवार होता. आतून काकूच्या पायऱ्यांवरच्या चपलांचा आवाज आला आणि काकांनी पेला खुर्चीच्या मागे ठेवला, निव्वळ सवयीनं. तिनं वर येऊन बशीत भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि परत गेली.

काकूला शक्यतेचं गणित येत नाही, शिकायचंही नाही. तिनं आपली व्यवस्था लावून घेतली आहे. आषाढ लागला की खालच्या फळीवरचं सगळं वर जातं. गव्हाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, चांदीची भांडी, देवघरातली पोथी, आणि आता काकांच्या डायऱ्याही. हे सगळं माळ्यावर चढवायचं आणि अनंत चतुर्दशी झाली की उतरवायचं, पूर येवो न येवो. २०२२ ला आलाच नाही, तरी चढवलं. शेजारीण चेष्टा करते. काकांना तर हा शुद्ध अडाणीपणा वाटतो, कारण धरणांचे साठे रोज त्यांच्या मोबाईलवर येतात आणि विसर्ग वाढला तर दोन दिवस आधी कळतं, तेवढ्यात चढवता येईल की. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी तिकडे होते. काका शिडीच्या खाली उभे राहून तिला समजावत होते, की यंदा कोयनेत साठा बेताचा आहे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा अडथळा नाही, वारणेतून काही सोडलेलं नाही, अशी परिस्थिती वन्स इन अ व्हाईल येते, तू उगाच गुडघे दुखवून घेऊ नकोस.

"बरं," काकू शिडीवरून म्हणाली. "ती आंब्याची बरणी द्या आधी. दोन्ही हातांनी धरा."